डॉक्टरची म्हैस आणि मी मुराळी

आमच्या अंगणातल्या गाडीला सगळी गल्ली ‘डॉक्टरची म्हैस’ म्हणायची आणि म्हणणाऱ्या प्रत्येकाशी मी भांडायची. भांडून उपयोग नव्हता, कारण ती दिसायचीच तशी. काळी, रुंद, बसकी, पुढचे दोन दिवे डोळे वटारल्यासारखे बाहेर आलेले. नाना, म्हणजे माझे वडील, जळगावात ज्या डॉक्टरांकडे कंपाउंडर होते, ते म्हातारपणी मुलाकडे मुंबईला निघून गेले आणि जाताना ही विलायती गाडी नानांना देऊन गेले. “विकू नकोस, वापर,” एवढंच म्हणाले. आता वापर म्हणजे काय वापर? नानांना सायकलसुद्धा धड चालवता यायची नाही. पण कंपाउंडरच्या दारात मोटार उभी आहे, हेच लोकांच्या पोटात दुखायला पुरेसं होतं. आई तिच्या टपावर सांडगे वाळत घालायची, टप मस्त तापायचा आणि सांडगे एका दिवसात कडकडीत व्हायचे. शेजारचे आबा एसटीत ड्रायव्हर होते. सुट्टीच्या दिवशी ते हँडल मारून तिला सुरू करायचे आणि नानांना शिवाजी पुतळ्यापर्यंत फिरवून आणायचे. परत आल्यावर नाना उगाचच खाकरत उतरायचे, सगळ्या गल्लीला ऐकू जावं म्हणून.

माझी थोरली बहीण इंदू, आमची ताई, शिरपूरला दिली. घर मोठं, कापसाचं, माणसं भरपूर. ताईचे सासरे बापू म्हणजे तिथलं मोठं प्रस्थ. त्यांनी बैठकीतच सांगून टाकलं, की नवरदेव घोड्यावर बसणार नाही, तुमच्याकडे मोटार आहे तर मोटारीतूनच मिरवेल. नानांची छाती फुगली. लग्न वैशाखातलं. वैशाखातलं जळगाव ज्याला माहीत आहे त्याला मी वेगळं काही सांगत नाही. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत मिरवणूक निघायची होती आणि गाडी चालवायला आबा बसले होते. वरपक्षाची तरणी पोरं आली आणि त्यांनी गाडीच्या तोंडावर झेंडूचे हार चढवायला घेतले. एकावर एक, एकावर एक, वरून केळीची पानं, त्यावर जरीची शाल. आबा म्हणाले, अहो, इंजिनाला वारा लागू द्या. तर बापू कडाडले, “लगीन शे, मयत नही! फुलं कमी दिसाले नको!” मग बँड सुरू झाला. पाच पावलं चालायचं आणि पोरं नाचेपर्यंत थांबायचं, असं करत करत दाणाबाजारापर्यंत गेलो असू, तोच गाडीच्या तोंडातून वाफेचा लोट निघाला, आतून ठो असा आवाज झाला आणि म्हैस जागच्या जागी बसली. नवरदेव बाशिंग सावरत उडी मारून बाहेर. वऱ्हाडातलं कुणीतरी ओरडलं, “अरे, म्हैस व्याली रे!” आणि सगळा बाजार हसला. नवरदेव मांडवात चालत आला. बापूंनी जेवणाच्या पंगतीत नानांकडे पाहिलंसुद्धा नाही. गाडी आम्ही दोरखंड बांधून बैलांनी ओढून अंगणात आणली.

आता आखाजीचं सांगते. खानदेशाबाहेरच्या माणसाला अक्षय तृतीया म्हणजे सोनं घेण्याचा दिवस वाटतो. आमच्याकडे आखाजी म्हणजे लेकीबाळींचा सण. सासुरवाशीण आखाजीला माहेरी यायची म्हणजे यायचीच. तिला आणायला माहेरचा माणूस जायचा, त्याला मुराळी म्हणायचं. बहुतेक भाऊच. मग दारादारांतल्या निंबांना झोके बांधायचे, आमरस आणि खापराच्या पुरणपोळ्या व्हायच्या, सांजोऱ्यांचे डबे भरायचे आणि बायका झोक्यावर बसून सासरच्या माणसांच्या नावानं इतकं काय काय गायच्या की ते वर्षभर पुरायचं. आम्हाला भाऊ नव्हता. पहिल्या आखाजीला काकांचा मधू मुराळी म्हणून शिरपूरला गेला आणि एकटाच परत आला. ओट्यावर बसून तांब्याभर पाणी प्यायला आणि खाली मान घालून बापूंचा निरोप सांगितला: “जी गाडीनी आमनी इज्जत रस्तावर काढी, ती गाडी पहिले आमना दारशे आनी उभी करा. मंग लई जा सूनले.” दुसऱ्या आखाजीला पुन्हा तेच. तिसऱ्या आखाजीला मधू गेलाच नाही. आईनं मात्र तिन्ही वर्षं सांजोऱ्या केल्या आणि एकीलाही तोंड लावलं नाही. गल्लीतल्या आलेल्या मुली झोक्यावर बसून गायच्या, तेव्हा ती आतल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायची. ताईची पत्रं यायची. मी सुखरूप आहे, तुम्ही काळजी करू नका. ताईचं अक्षर मोत्यासारखं होतं आणि त्या अक्षरात ‘सुखरूप’ वाचलं की मला गाडीच्या काचा फोडाव्याशा वाटायच्या.

“जाऊ द्या,” नाना म्हणायचे. “मोठी माणसं आहेत. आपली पायरी आपण ओळखावी.” तिसरी आखाजी सरली त्या पावसाळ्यात एका जेवणाला त्यांनी हे पुन्हा म्हटलं आणि माझं डोकं फिरलं. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, आणि जीभ तर आधीपासूनच लांब. मी म्हटलं, “नाना, त्यांनी गाडी आणा म्हटलंय ना? मग आणू. रडायचं कशाला?” नाना म्हणाले, “मेलेली गाडी आणू?” शेजारून आबा ओट्यावर बसून ऐकत होते. ते नुकतेच निवृत्त झाले होते आणि रिकामपण त्यांना खायला उठलं होतं. शिवाय लग्नाच्या दिवशी स्टेअरिंगवर तेच होते. इतकी वर्षं बस चालवलेल्या माणसाला बाजारानं हसून घेतलं, हे ते विसरले नव्हते. त्यांनी तिथूनच हाक दिली, “ती मरेल नही शे पोरी, बठेल शे. उठाडू तिले!”

दिवाळी झाली आणि आम्ही कामाला लागलो. आबा सांगायचे आणि मी करायची, कारण आबांची कंबर वाकत नव्हती आणि नानांना तेलाच्या वासानं मळमळायचं. पहिले चार-आठ दिवस नाना लांबूनच बघत होते. मग एक दिवस बाही सरसावून आले आणि म्हणाले, “ते नट असे इकडेतिकडे टाकू नकोस. बाटल्यांत ठेव.” औषधांच्या रिकाम्या बाटल्या, प्रत्येकीवर त्यांच्या बारीक अक्षरात चिठ्ठी: ‘डावीकडील’, ‘उजवीकडील’, ‘कोठला ते ठाऊक नाही’. आईची पीठ मळायची परात आम्ही रॉकेलमध्ये पार्ट धुवायला घेतली, तेव्हा तिनं आकाशपाताळ एक केलं. त्यानंतर आठ दिवस आमच्या भाकरीला रॉकेलचा वास येतोय असं ती म्हणायची. येत नव्हता. मीच परात राखेनं घासून दिली होती.

इंजिनाचं पाणी गार ठेवणारा रेडिएटर काढला तेव्हा मला खरी चीड आली. त्याच्या पुढच्या बारीक जाळीत झेंडूच्या पाकळ्या, दोऱ्याचे तुकडे, केळीच्या पानांच्या शिरा, सगळं वाळून घट्ट बसलं होतं. सुईनं टोकरून टोकरून काढलं तर वाटीभर निघालं. “सांगेल होतं मी,” आबा हळूच म्हणाले, “वारा लागू द्या म्हणून.” म्हणजे गाडी कुणी मारली? त्यांनीच! त्यांच्या हारांनी! आणि तीन आखाज्या माझी बहीण तिकडे, माझी आई इकडे दाराआड! मी ओरडतच स्वयंपाकघरात गेले. नानांनी मला दटावलं. म्हणाले, हे शिरपुरात बोलायचं नाही, व्याह्यांना उलट बोलत नसतात. मी त्यांना शब्द दिला नाही. आजही, सत्तरी उलटल्यावर, ते आठवलं की माझ्या कानशिलात गरम होतं. आमच्या घरात मला सगळे म्हणतात, आता सोडा, माणसं गेली. माणसं गेली असतील, मी आहे ना अजून.

इंजिनाचं वरचं झाकण, ज्याला हेड म्हणतात, ते उष्णतेनं किंचित वाकलं होतं आणि त्याखालची गॅस्केट, म्हणजे सांध्यातून वाफ निसटू न देणारा पातळ पत्रा, जळून गेली होती. तसली विलायती गॅस्केट जळगावात मिळेना, धुळ्यात मिळेना. शेवटी गल्लीतल्या तांबटाकडे जुनी गॅस्केट नेली. त्यानं ती तांब्याच्या पत्र्यावर ठेवली, खिळ्यानं रेघ मारली आणि कातरीनं कापून काढली. मग भट्टीत लाल करून पाण्यात बुडवली, पत्रा मऊ व्हावा म्हणून. लग्नसराईच्या घागरी बनवता बनवता मध्येच त्यानं हे काम केलं, आणि दुकानात आलेल्या बायकांना वाटलं, हे कुठल्या तरी देवाचं यंत्र असावं. हेड सरळ करायला सपाट काही हवं होतं. नाना आता नव्या डॉक्टरांकडे कामाला होते, तिथल्या दवाखान्यातून ते औषधं कालवायच्या टेबलावरची जाड काच उचलून घेऊन आले. त्या काचेवर धातू घासायचं खरखरीत मलम पसरून आम्ही ते झाकण घासत बसायचो, एकीकडून मी, दुसरीकडून माझी मैत्रीण विमल. विमलचं घर मारवाडी, कापडाचं दुकान, सोवळंओवळं कडक. ती घरी सांगून यायची की कमलकडे अभ्यासाला जाते. नखांतलं काळं लपवायला तिनं त्या वर्षी इतकी मेंदी लावली, की तिच्या आईला वाटलं मुलीला लग्नाची घाई झाली.

सीटच्या स्प्रिंगा गंजून बाहेर आल्या होत्या. ते काम आईनं ओढून घेतलं. “ह्यात तुम्हाला काही कळत नाही,” म्हणाली. पिंजाऱ्याला बोलावलं. अंगणात दोन दिवस त्याच्या धनुकलीची ठणठण चालली आणि गाडीत, झाडावर, आमच्या डोक्यात सगळीकडे कापूस झाला. विमलनं दुकानातून गाद्यांचं निळ्या पट्ट्यांचं कापड आणलं. आईनं बसायची जागा अगदी गादीसारखी शिवून, मधे मधे टाके घालून तयार केली. आबांनी कपाळावर हात मारला. “ही मोटार शे का बाळंतिणीनी खाट?” आई म्हणाली, “माझी लेक बसणार आहे त्यावर. तुम्हाला टोचून घ्यायचं तर खाली फळी टाकून बसा.”

माघात एक दिवस हँडल मारलं आणि गाडी सुरू झाली. भडाभडा धूर आणि नंतर हळूहळू तो एकसारखा आवाज. नाना ओट्यावर मटकन बसले आणि रडायला लागले, उघडउघड, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत. मलाही रडू आलं, पण मी ते धुरावर ढकललं.

मग प्रश्न आला, चालवणार कोण आणि मुराळी कोण. मी म्हटलं, दोन्ही मीच. आबांनी मला मेहरूणच्या तलावाकडच्या मोकळ्या रस्त्यावर शिकवायला घेतलं होतं. “क्लच धीरे सोड व माय, पाय शे का मुसळ?” हे ऐकत ऐकत मी शिकले, परीक्षा दिली आणि लायसन्सही मिळवलं. तिथल्या साहेबांनी आधी माझ्याकडे, मग आबांकडे आणि मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं होतं. आज आमच्या गल्लीत मुली स्कूटी उडवत जातात तेव्हा कुणी मान वळवत नाही. तेव्हा मी गाडी घेऊन निघाले की माणसं दुकानाची पायरी उतरून बघायची आणि पोरं मागून ओरडायची, “म्हशीवर बाई! म्हशीवर बाई!” मी काच खाली करून त्यांनाही उत्तर द्यायची, ते इथं लिहीत नाही. पण मुराळी म्हणून जाणार हे ऐकल्यावर काका घरी आले. पोरगी मुराळी? कुळात असं झालं नाही, लोक तोंडात शेण घालतील. काका बोलतच राहिले तेव्हा आई आतून बाहेर आली. हाताला पीठ, पदर खोचलेला. काकांसमोर ती कधी उभी राहून बोलली नव्हती. “भावोजी,” ती म्हणाली, “मला मुलगा नाही, म्हणून काय मी लेक तिकडेच ठेवून देऊ? आहे तिला पाठवते. तुमच्याच्यानं झालं असतं तर तीन वर्षांत झालं असतं.” काका चहा न घेता गेले. आईनं कपातला चहा मला दिला.

आखाजीच्या दोन दिवस आधी, उजाडता उजाडता आम्ही निघालो. मी आणि शेजारी आबा. मागे पाण्याचे दोन मातीचे डेरे, सांजोऱ्यांचा डबा आणि कैऱ्यांची टोपली. नाना दाराशी उभे होते, म्हणाले, “पाणी बघत जा.” ते गाडीच्या पाण्याबद्दल म्हणाले. आईनं गाडीला घालायला मोगऱ्याचा एवढासाच हार आणला होता. मी तो तिच्या हातातून घेतला आणि माझ्या वेणीत माळला. गाडीच्या तोंडाला मी फूल लागू देणार नव्हते. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. दर थोड्या वेळानं निंबाखाली थांबायचं, झाकण उघडायचं, पाणी पाजायचं. धुळ्याला एका हॉटेलाशी चहाला थांबलो, तर बाकावरच्या माणसांनी आबांना विचारलं, “ड्रायव्हर कोठे गेला?” आबा म्हणाले, “हाई काय, चहा पी राह्यनी.” मग सोनगीर, नरडाणा, तापी. तापीवरून जाताना माझे हात घामानं स्टेअरिंगवरून निसटत होते. गाडीची भीती नव्हती. ताई कशी असेल, याची होती.

शिरपुरात बापूंच्या दारात गाडी उभी केली आणि इंजिन मुद्दाम चालूच ठेवलं. ऐकू दे म्हटलं. अख्खी गल्ली गोळा झाली. बापू बाहेर आले, गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला जोड्यानं ठोकून पाहिलं. “गाडी उनी,” ते म्हणाले. “मुराळी कोठे शे?”

“मी आहे मुराळी.”

ते हसले. लोकही हसले. “आंडेर मुराळी? मुराळीले आंडोर लागस, पोरी. पुढला वरीस लई या कोणी माणूस.” आंडेर म्हणजे मुलगी, आंडोर म्हणजे मुलगा.

तेवढ्यात ताईची सासू बाहेर आली. तिला घरात सगळे जिजी म्हणत. लग्नात मी तिच्या पदराखालचं फक्त नाक पाहिलं होतं आणि आवाज तर कुणीच ऐकला नव्हता. आलेल्यावरून ओवाळून टाकायला तिनं भाकरीचा तुकडा आणि पाणी आणलं होतं, हातात झेंडूचा हार. तिनं तुकडा ओवाळून टाकला आणि हार गाडीच्या तोंडावर घालायला वाकली. मी तिचा हात धरला. “जिजी, इथं नको. लग्नात तुमच्या माणसांनी असेच हार घातले, इंजिनाला वारा मिळाला नाही, म्हणून ती बसली. वाटीभर झेंडू काढलाय मी जाळीतून. आणि त्यापायी तीन वर्षं माझी बहीण इथं अडकवून ठेवलीत!” आबांनी माझी बाही ओढली. उशीर झाला होता. हसणं थांबलं. बापूंचा चेहरा काळानिळा झाला. “तर मग नही धाडनार,” ते म्हणाले. “जा तुन्ही म्हैस लई!”

आणि ताई बाहेर आली. डोक्यावर पदर, हातात पत्र्याची पेटी. केवढी वाळली होती! माझ्याकडे न बघता ती सरळ बापूंसमोर उभी राहिली. “मामंजी, गाडी दारात आली की जा, असं तुम्ही म्हणाला होतात. गाडी आली. मी जाते.”

“जाशी ते परत येवानं नही.”

“परत येईन,” ताई म्हणाली. “पौर्णिमेला येईन. माहेरी जाते म्हणजे घर सोडत नाही मी. हे घर माझंही आहे.” भाऊजी, तिचा नवरा, ओट्यावर उभे होते. ते खाली उतरले, तिच्या हातातली पेटी घेतली आणि मागच्या सीटवर ठेवली. ताई बसली. मी जागेवर बसले. तर बापू गाडीच्या पुढे येऊन उभे. हात मागे बांधलेले, पाय रोवलेले. मी हॉर्न वाजवला. हलले नाहीत. पुन्हा वाजवला. म्हटलं, आता काय करू? माणसाच्या अंगावर गाडी घालू?

मागचं दार उघडल्याचा आवाज झाला. वळून पाहते तर जिजी आत चढत होती, एक हात ताईच्या खांद्यावर, दुसऱ्यात तो झेंडूचा हार तसाच. बसली, पदर सारखा केला आणि मला म्हणाली, “माले बी लई चाल. मना माहेर पारोळाले शे, तुन्हा रस्तामाच लागस.” मी विचारलं, “जिजी, शेवटचं कधी गेला होतात?” तिनं बोटं उघडली, मिटली आणि मोजायचं सोडून दिलं. “मना भाऊ एकदाव मुराळी उना होता,” ती म्हणाली. “त्याले बी आसंच दारमा उभं ठेवं यास्नी. मंग तो उनाच नही.”

बापू गाडीपुढून बाजूला झाले. कुणी सांगितलं नाही, आपणहून झाले आणि खिडकीशी आले. सगळी गल्ली श्वास धरून बघत होती. मी क्लच धीरे सोडला. गाडी हलली तशी जिजीनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात नवऱ्याला सांगितलं, “भाकरी टोपलामा शेतस. कांदा फोडी ल्या!”